१८ पौंडी गोळ्याचे सुटे भाग: खरी जोडी कशी ओळखायची?

कळकट_पितळ
नमस्कार मंडळी. पहिल्या महायुद्धातल्या तोफखान्याच्या वस्तू जमवायला लागून आता बरीच वर्षं झाली, पण माझ्याकडे आजवर नुसत्या पितळी पुंगळ्याच होत्या. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एका लिलावातून 'संपूर्ण' गोळा घेतला. ब्रिटिश १८ पौंडी तोफेचा श्रॅपनेल, म्हणजे हवेत फुटून आतल्या गोळ्या पुढे फेकणारा: खाली पुंगळी (दारूचं पितळी नळकांडं), त्यात गोळा आणि वर फ्यूज (गोळा कधी फुटायचा ते ठरवणारं टोक). निकामी केल्याचा अधिकृत दाखला सोबत आहे.

घरी आणून टेबलावर उभा केला आणि काहीतरी खटकायला लागलं. गोळ्याचा उतार आणि फ्यूजचा उतार एका रेषेत येत नाहीत. मधे एक पितळी कडं आहे, तिथे पायरी पडली आहे आणि ती नखाला लागते. मी पाहिलेल्या सगळ्या चित्रांत हा गोळा खालून टोकापर्यंत सलग निमुळता दिसतो. माझ्या फ्यूजचं पितळ पिवळंधमक, तर कडं लालसर. विकणाऱ्याला विचारलं, तर "युद्धकाळात असंच बनायचं" एवढंच उत्तर आलं.

तर यातला कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बसवलेला, हे कसं ठरवायचं? कुठून सुरुवात करू? काय मोजू?

मोजपट्टी
फोटो पाहिले. सुरुवात सांगतो, पण त्याआधी एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत कशालाही पाना लावू नका.

गोळ्याच्या बुडाजवळ तांब्याचा पट्टा असतो. त्यावर तिरप्या खाचा आहेत, की तो गुळगुळीत आहे? तोफेच्या नळीतले आटे या मऊ तांब्यात रुततात आणि त्यानेच गोळा फिरत बाहेर पडतो. खाचा असतील तर गोळा डागलेला आहे. पट्टा गुळगुळीत असेल तर तो नळीतून कधी गेलाच नाही.

हे आधी विचारायचं कारण असं. डागलेला श्रॅपनेल हवेत फुटतो तेव्हा त्याचं टोक फ्यूजसकट उडून जातं. म्हणजे पट्ट्यावर खाचा आहेत आणि फ्यूजही मूळच्या जागी घट्ट बसलेला आहे, अशी वस्तू कुठे दिसली तर तिचा सरळ अर्थ असा की गोळा डागला गेला पण फुटला नाही. तो संग्रहातला 'उत्तम नमुना' समजायचा नाही. त्याला हात न लावता पोलिसांना आणि बॉम्बनाशक पथकाला कळवायचं. शंभर वर्षांनीही आतली काळी दारू पेट घेते.

तुमच्याकडे दाखला आहे, तरी तो कोणत्या भागांचा आहे ते नीट वाचा. बऱ्याचदा गोळा आणि पुंगळी तपासलेली असते आणि फ्यूजचा उल्लेखच नसतो.

कळकट_पितळ
मोजपट्टीकाका, पट्ट्यावर खाचा आहेत. चांगल्या खोल, डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या.

दाखल्यात तिन्ही भागांची वेगवेगळी नोंद आहे आणि तिन्हींसमोर 'रिकामा' लिहिलं आहे. फ्यूज नुसता ठेवलेला आहे, हाताने उचलला की कड्यासकट वर येतो. फ्यूजच्या बुडातून आरपार पोकळी दिसते. गोळ्यात टॉर्च मारून पाहिलं. तळापर्यंत मोकळा, आत फक्त गंजाचा भुगा.

मोजपट्टी
हे वाचून जीव भांड्यात पडला. आता निवांत बोलू.

माझ्या मते संग्राहकाने सगळ्यात आधी पक्की करायची गोष्ट ही आहे. तोफ डागली की पुंगळी तोफेपाशीच पडते. गोळा काही किलोमीटर पुढे जातो. तिथे तो हवेत फुटला की रिकामं धड एकीकडे पडतं आणि फ्यूज दुसरीकडे. म्हणजे तुमच्या टेबलावरचे तीन भाग, डागलेले असतील तर, पुन्हा एकत्र येणं जवळजवळ अशक्य आहे. कोणीतरी ते नंतर गोळा करून जुळवलेले आहेत. डागलेल्या भागांचा 'मूळचा संपूर्ण संच' अशी वस्तूच नसते.

त्यामुळे "हे मूळचे एकत्र होते का?" या प्रश्नात अडकू नका. "हे तिन्ही एकाच जातीचे आणि एकाच काळातले आहेत का, एकत्र डागता आले असते का?" असं विचारा. त्याचं उत्तर वस्तूवरच्या शिक्क्यांत आणि मापांत मिळतं.

पुंगळीपासून सुरू करा. उंची, तोंडाचा आतला व्यास आणि बुडावरचे सगळे शिक्के कळवा.

कळकट_पितळ
उंची २९५ मिमी. तोंड आतून ८४ ला जरा कमी. बुडावर '१८ पीआर' (म्हणजे १८ पौंडर), रोमन दोन, बाणाची खूण, बनवणाऱ्याची आद्याक्षरं, १९१५, लॉटचा क्रमांक. शिवाय 'सीएफ' ही अक्षरं दोनदा, वेगवेगळ्या ठशांनी मारलेली. दुसऱ्यांदा मारलेला ठसा जरा वाकडा आहे. मधल्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या टिकलीवर) ठोक्याचा खड्डा.

मोजपट्टी
पुंगळी अस्सल आणि न कापलेली आहे. ८४ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २९५ मिमी उंची हीच १८ पौंडीची ओळख. तोफेचा बोअर ३.३ इंच, म्हणजे ८३.८ मिमी. उंची कमी भरली असती तर फुलदाणी किंवा राखदाणी करायला कोणीतरी काठ कापला असं समजायचं. असल्या कापलेल्या पुंगळ्या संचात बसवून विकतात, आणि गोळा आत जास्त खोल गेला की ते लपून जातं.

आता तो वाकडा 'सीएफ'. मला या पुंगळ्यांवर सगळ्यात जास्त आवडणारी खूण आहे ती. सी म्हणजे कॉर्डाइट (गोळा ढकलणारी दारू), एफ म्हणजे पूर्ण भार. पुंगळी भरली की ठसा मारायचे. रिकाम्या पुंगळ्या आघाडीवरून परत यायच्या, आकारात आणायच्या, नवा प्रायमर आणि पुन्हा भरणी. तुमची दोनदा भरली गेली. त्यामुळे १९१५ ची पुंगळी आणि १९१६ किंवा १९१७ चा गोळा ही जोडी पूर्ण रास्त आहे. सालं जुळत नाहीत म्हणून चांगले संच मोडणारे लोक मी पाहिले आहेत, वाईट वाटतं. भरणीच्या दिवशी कोठारात जे भाग होते ते एकत्र यायचे. सगळ्यात नवा भाग ज्या सालचा, त्याच्या आधी तो संच तयार झालेला नसतो. सालावरून एवढंच ठरतं.

धातूशोधक
मधेच विचारतो. माझ्याकडे एक पुंगळी आहे, बूड अगदी १८ पौंडीसारखं, पण तोंडाकडे ती आत घेतलेली आहे, बाटलीच्या मानेसारखी. तोंड ७६ मिमी. कोणीतरी चेपून खराब केली असं समजून मी ती वेगळी काढून ठेवली होती. आता शंका येते आहे.

मोजपट्टी
धातूशोधक, ती आजच कपाटात परत ठेवा! ब्रिटिशांनी १८ पौंडी तोफ ३ इंची नळीची करून विमानविरोधी तोफ बनवली होती, १३ पौंडी ९ हंड्रेडवेट. तिला गोळा १३ पौंडीचा आणि पुंगळी १८ पौंडीची, मान आवळलेली. ३ इंच म्हणजे ७६.२ मिमी, तुमचं माप बरोबर जुळतं. बुडावर '९ सीडब्ल्यूटी' (हंड्रेडवेट या जुन्या ब्रिटिश वजनाचं लघुरूप) असं काही दिसतं का बघा.

धातूशोधक
आहे! काळ्या थराखाली होतं. 'सीडब्ल्यूटी' स्पष्ट वाचता येतंय. इतकी वर्षं मी तिला खराब पुंगळी म्हणत होतो.

नोंदवही
शिक्के वाचण्याबद्दल थोडं लिहिते, कारण इथेच बरेच जण पॉलिशचा डबा उघडतात.

काळवट थर काढू नका. शिक्क्यांच्या कडा आधीच झिजलेल्या असतात, घासलं की उरलेलंही जातं. खोली अंधारी करा आणि टॉर्च बुडाच्या जवळजवळ समांतर धरा, एका बाजूने. मग टॉर्च हळूहळू गोल फिरवा. समोरून उजेड टाकल्यावर जे अक्षर अजिबात दिसत नव्हतं, ते तिरप्या उजेडात सावली धरून उभं राहतं. माझ्याकडच्या एका बुडावरचा ३ आणि ८ यातला घोळ असाच सुटला. टॉर्च उजवीकडून धरला तेव्हा ३ वाटायचा, डावीकडून धरला तेव्हा डाव्या बाजूच्या दोन्ही वाटोळ्या रेषा दिसल्या. दुसरा उपाय म्हणजे पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. तो कागद तारखेसह वहीत चिकटवून ठेवायचा, कायमची नोंद होते.

बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. तोच बाण इंग्रजी सी अक्षराच्या आत असेल तर कॅनडा. कॅनडाने १८ पौंडी गोळे प्रचंड संख्येने पुरवले, त्यामुळे कॅनेडियन शिक्क्याचा गोळा ब्रिटिश पुंगळीत असणं यात वावगं काही नाही.

कळकट, आता गोळ्याची आणि फ्यूजची माहिती द्याल का? फ्यूजवरच्या आकड्यांचा जवळून फोटो हवा.

कळकट_पितळ
नोंदवहीताई, तिरप्या उजेडाचा प्रयोग लगेच केला. गोळ्याच्या धडावर, तांब्याच्या पट्ट्याच्या जरा वर, '१८ पीआर' आणि १९१६ दिसलं. नुसत्या डोळ्यांना तिथे फक्त गंज दिसत होता.

फ्यूजचा फोटो टाकला आहे. शंकूसारखी टोपी आहे. तिच्यावर आकडे गोल गोल चढत जातात, जिन्यासारखे. एका ठिकाणी, १४ च्या जरा पुढे, आरपार भोक पाडलेलं आहे. आधी वाटलं खिळ्याने कोणीतरी भोसकलं असावं. फ्यूजवर कुठेही फिरणारं कडं नाही.

मोजपट्टी
खटकत होतं ते इथे सापडलं. हा फ्यूज ब्रिटिश नाही, फ्रेंच आहे. फ्रेंचांच्या ७५ मिमी तोफेच्या घराण्यातला.

वेळेचे फ्यूज दोन रीतींनी लावायचे. ब्रिटिश आणि जर्मन रीत कड्यांची. कड्याच्या आत दारूची बारीक पन्हळ असते, खालचं कडं फिरवून आकडा खुणेसमोर आणला की तितक्या सेकंदांची दारू जळणार. फ्रेंच रीत वेगळी. शिशाच्या बारीक नळीत दारू भरून ती नळी शंकूवर वेटोळी गुंडाळलेली असायची आणि वर टोपी. हव्या त्या सेकंदाच्या आकड्यावर यंत्राने भोक पाडायचं, नळी तिथे उघडी व्हायची आणि ज्योत तिथूनच आत शिरायची. तुमचं 'खिळ्याचं भोक' हे एका फ्रेंच तोफखान्याने १४ सेकंदांच्या पुढे लावलेली वेळ आहे. ते बुजवू नका, भरू नका. त्या फ्यूजवरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

१८ पौंडी श्रॅपनेलवर हवा नंबर ८० फ्यूज, वेळेचा आणि आदळून फुटण्याचा असा दुहेरी. त्याच्या फिरत्या कड्यावर ० ते २२ असे भाग असतात. मूळ आराखडा जर्मनीच्या क्रुप कंपनीचा, ब्रिटनमध्ये तो विकर्स कंपनीने परवान्याने बनवायला घेतला. म्हणून सुरुवातीच्या काही फ्यूजवर 'केपीझेड ९६/०४' असं क्रुपचं चिन्ह सापडतं. ते पाहून ब्रिटिश फ्यूजला जर्मन समजून वेगळा काढणारे बरेच असतात, तेव्हा तेही लक्षात ठेवा. अंगावर '८०' आणि रोमन आकड्यात मार्क, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, असतो. धातू कधी अॅल्युमिनियम, कधी पितळ. केवळ धातूचा रंग वेगळा म्हणून फ्यूज नाकारू नका.

कळकट_पितळ
म्हणजे ते लालसर कडं...

मोजपट्टी
फ्रेंच फ्यूज ब्रिटिश धडावर बसावा म्हणून लेथवर काढलेलं. जवळून बघा, कड्याच्या आतल्या बाजूला एकसारख्या, ताज्या, चकचकीत लेथच्या रेषा असतील आणि त्यावर एकही शिक्का नसेल. त्या काळच्या ब्रिटिश लष्करी भागावर काही ना काही खूण सापडतेच.

आट्यांचीही एक परीक्षा आहे. जुन्या ब्रिटिश आट्यांचा कोन व्हिटवर्थ पद्धतीचा, ५५ अंश. मेट्रिक आट्यांचा ६० अंश. थ्रेड गेजची (आटे मोजायच्या साधनाची) पाती लावून उजेडासमोर धरली की फट दिसते का ते कळतं. नुसतं 'फिरलं म्हणजे बसलं' असं मानू नका. समजा इंचाला १४ आटे आहेत, म्हणजे एका आट्याला १.८१ मिमी. त्यावर १.७५ चा मेट्रिक भाग चढवला तर पहिले दोन-तीन फेरे छान जातात आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की शंभर वर्षं टिकलेले आटे एका मिनिटात सोलले जातात. आणि जोर लावायचा प्रश्न फक्त तपासून रिकाम्या ठरलेल्या भागांपुरताच. बाकी कशालाही मुळीच नाही.

रंगारी
माझा प्रश्न रंगाचा. माझ्याकडच्या १८ पौंडी गोळ्यावर आधीच्या मालकाने पिवळा रंग दिला आहे. तोही श्रॅपनेलच आहे. बरोबर आहे का हा रंग?

नोंदवही
नाही. ब्रिटिश श्रॅपनेल काळा असायचा आणि टोक लाल. पिवळा रंग स्फोटक गोळ्याचा. त्यावर टोकाजवळचा लाल पट्टा म्हणजे भरलेला, आणि हिरवा पट्टा असेल तर आत टीएनटी किंवा अमॅटोल हे स्फोटक.

पण आधी तो श्रॅपनेलच आहे याची खात्री करा, कारण रंग चुकीचा की ओळख चुकीची हे बाहेरून ठरत नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा १८ पौंडीला श्रॅपनेलच होता, स्फोटक गोळा १९१४ च्या अखेरीस आला. फ्यूज नसलेल्या, तपासलेल्या रिकाम्या धडात वरून पाहिलं तर फरक कळतो. श्रॅपनेलचं धड म्हणजे जवळजवळ सरळ भिंतींचा पेला, तोंड रुंद, तळाशी पोलादी चकती टेकायची पायरी. स्फोटक गोळा वरपर्यंत एकाच तुकड्यात निमुळता होत गेलेला, भिंती जाड, तोंड लहान.

खाली जुना रंग कुठे शिल्लक असेल, पट्ट्याच्या खाचेत किंवा बुडाच्या कडेला, तर तो जपा. सरसकट रंग खरवडू नका.

रंगारी
पोलादी चकती कशासाठी? मला श्रॅपनेलची रचना कधी नीट कळलीच नाही.

मोजपट्टी
ही रचना कळली की कोणता भाग कुठून आला आणि का हरवला ते आपोआप कळतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात तळाशी पत्र्याच्या वाटीत काळी दारू. तिच्यावर ती पोलादी चकती. चकतीच्या मधोमध एक नळी, ती थेट वर फ्यूजपर्यंत. नळीभोवती शिसं आणि अँटिमनीच्या मिश्रणाच्या गोळ्या, राळ ओतून बसवलेल्या. १८ पौंडीत ३७४ गोळ्या, एका पौंडात ४१ भरतील अशा. म्हणजे साडेअठरा पौंडांच्या गोळ्यात नऊ पौंडांच्या वर तर नुसत्या गोळ्याच. वर पितळी सॉकेट आणि त्यात फ्यूज.

लावलेली वेळ संपली की ज्योत नळीतून तळाला जाते, दारू पेटते, चकती वर ढकलली जाते, आणि सगळ्या गोळ्या सॉकेट आणि फ्यूज उपटून पुढे सुटतात. धड फुटत नाही, ते तोफेच्या नळीचं काम करतं. म्हणूनच डागलेलं श्रॅपनेल धड अखंड सापडतं. बाजारात ही धडं भरपूर आहेत. मधली नळी, चकती आणि वाटी मात्र क्वचित सापडते, आणि सॉकेट सापडलंच तर त्याचे खालचे आटे सोललेले असतात. धड डागलेलं आणि सॉकेट, आटे, फ्यूज सगळं सुबक दिसतंय, अशी वस्तू कोणी 'जशी मिळाली तशी' म्हणून दाखवली, तर एक तर ती जुळवलेली आहे किंवा न फुटलेली आहे. दोन्ही शक्यता गंभीरपणे घ्या.

भटका_वाचक
थोडं विषयांतर, क्षमस्व. माझ्याकडे लोखंडी गोल गोळा आहे, जुन्या तोफेचा म्हणून मिळाला. घेर ३५.५ सेंमी, वजन ५.९ किलो. १२ पौंडी असेल का? शिक्का काहीच नाही.

मोजपट्टी
घेर ३५.५ म्हणजे व्यास ११.३ सेंमी, घनफळ साधारण ७५५ घन सेंमी. ओतीव लोखंड घन सेंमीला ७.२ ग्रॅम धरा: वजन ५.४४ किलो यायला हवं, आणि १२ पौंड म्हणजे नेमकं तेवढंच. तुमचा त्यापेक्षा जवळजवळ अर्धा किलो जड आहे. पोलादाचे ७.८५ धरले तर ५.९३ येतात. म्हणजे बहुधा हा तोफगोळा नसून खनिज दळायच्या गिरणीतला पोलादी गोळा आहे. असे गोळे तोफगोळे म्हणून फार विकले जातात.

हिशोब उलट आला असता, म्हणजे गोळा अपेक्षेपेक्षा हलका भरला असता, तर मी तुम्हाला त्याला हात न लावता लगेच पोलिसांना आणि बॉम्बनाशक पथकाला बोलवायला सांगितलं असतं. हलका म्हणजे पोकळ, पोकळ म्हणजे आत दारू असू शकते. वजन जुळलं म्हणून तो भरीवच असंही नाही, कारण आत शिशाच्या गोळ्या भरलेल्या असतील तर वजन भरून निघतं. पृष्ठभागावर कुठे गोल डाग, बूच किंवा वेगळ्या धातूची चकती दिसते का ते आधी बघायचं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००८ साली यादवी युद्धातला असाच एक गोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक जागीच गेला. ते युद्ध १८६५ मध्ये संपलं होतं.

भटका_वाचक
आकडेमोड पुन्हा करून पाहिली, पटलं. गिरणीचा का असेना, इतक्या स्पष्टपणे सांगितल्याबद्दल आभारी आहे.

धातूशोधक
कळकट, मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही आता नंबर ८० शोधणार असाल तर दोन गोष्टी. एक, नंबर १०६ कोणी दिला तर घेऊ नका. तो वेगळा दिसतो, बारीक मानेचा, टोकाला हातोडी आणि तिच्याभोवती वजन लावलेली फीत, जी उडताना सुटत जाते. तो जमिनीला टेकताक्षणी फुटायचा, काटेरी तारा तोडायला उपयोगी, आणि तो स्फोटक गोळ्यांचा. श्रॅपनेलवर त्याचं काही काम नाही. तरी मी श्रॅपनेलच्या धडांवर तो बसवलेला पाहिला आहे, कारण तो दिसायला आकर्षक आहे.

दोन, हल्ली नंबर ८० च्या प्रतिकृतीही मिळतात. माझ्या मते तुमच्या संचाला प्रतिकृती चालेल. सगळं एकत्र उभं दिसायला हवं ना.

नोंदवही
धातूशोधक, इथे मी असहमत. प्रतिकृती वाईट नाही, पण तिच्यावर कायमची खूण हवी, आतून कोरलेली. कागदी चिठ्ठी पुढच्या मालकापर्यंत पोचत नाही. कळकटच्या हातात आत्ता जो घोळ आला आहे तो असाच तयार झाला. कोणीतरी चांगल्या हेतूने कडं काढलं, फ्यूज बसवला, आणि पुढच्याने ते 'युद्धकाळातलं' म्हणून विकलं. त्या कड्यावर 'नंतर बनवलेलं' असे दोन शब्द कोरले असते तर हा धागा निघालाच नसता.

आणि फ्रेंच फ्यूज फेकू नका. त्याची वेगळी नोंद करा.

धातूशोधक
हे मान्य. कोरलेली खूण हवीच. उभं दिसण्याचा मोह माझा आहे, तो मी कबूल करतो.

मोजपट्टी
मी दोघांच्या मधला मार्ग धरतो. खरा, डागलेला नंबर ८० शोधा. धड डागलेलं, पुंगळी डागलेली, तर फ्यूजही डागलेला शोभतो. टोक चेपलेलं, खालचे आटे सोललेले. असे फ्यूज लोक 'खराब' म्हणून बाजूला टाकतात. आणि विकत घेताना त्याच्याही आतल्या पोकळ्या मोकळ्या आहेत याचा दाखला मागा. आत दारूची कोठी असते आणि आदळून फुटणाऱ्या यंत्रणेत स्फोटक टिकली असते. टोक चेपलं म्हणजे दोन्ही जळून गेलं असं नसतं.

तुमच्या देशात अशा वस्तू बाळगायला काय परवानगी लागते तेही आधी बघा. नियम देशोदेशी फार वेगळे आहेत, आणि रिकामा फ्यूजसुद्धा काही ठिकाणी नोंदवावा लागतो.

कळकट_पितळ
बऱ्याच दिवसांनी परत आलो. सगळ्यांचे सल्ले एकेक करून पाळले.

लालसर कड्याच्या आत लेथच्या रेषा निघाल्या, अगदी काकांनी सांगितल्या तशा. शिक्का एकही नाही. त्यावर आतून 'नंतर बनवलेलं' असं कोरून घेतलं आणि ते फ्रेंच फ्यूजसोबत वेगळ्या डब्यात ठेवलं. ७५ ची पुंगळी कधी मिळाली तर तो फ्यूज तिच्या शेजारी जाईल.

आणि नंबर ८० मिळाला. तपासलेला, दाखल्यासह. पितळी, '८०' स्पष्ट, मार्क पाचवा, साल १९१६. टोक एका बाजूला चेपलेलं, खालचे दोन आटे पूर्ण सोललेले. पहिल्या रात्री तिरप्या उजेडात कड्यावरचे आकडे वाचत बसलो होतो. फिरतं कडं आता फिरत नाही, शंभर वर्षांच्या गंजाने जागच्या जागी धरलं आहे. खूण ९ आणि १० च्या मधे आहे, नवाच्या जरा पुढे. कोणीतरी ते कडं तिथे आणून थांबवलं, आणि त्यानंतर आजपर्यंत ते कोणीच फिरवलेलं नाही.

तो फ्यूज मी धडावर बसवला नाही. सोललेल्या आट्यांवर तो बसणारही नाही, आणि आता बसवावासाही वाटत नाही. पुंगळी उभी, शेजारी उघड्या तोंडाचं धड, आणि थोडं अंतर ठेवून फ्यूज, असे तिन्ही सुटे मांडले आहेत. फोटो टाकतो आहे. नोंदवहीताई, पेन्सिलने उतरवलेले तीनही कागद वहीत चिकटवले, तारखेसह.

नोंदवही
फोटो पाहिला. असंच राहू द्या. नऊच्या पुढचे बारीक भागही मोजून नोंदीत लिहा, ते कडं कधी सैल झालं तर एवढीच साक्ष उरेल.

कळकट_पितळ
मोजले आणि लिहिले.